चेपॉकच्या बारा धावा : भारत-पाकिस्तान कसोटी मालिका, १९९९

आजचा भाग आपण तंजावरच्या राजवाड्याच्या आवारातून करतो आहोत. सरस्वती महाल ग्रंथालय इथून हाकेच्या अंतरावर आहे, दरबाराची इमारत समोर आहे, आणि अशा जागी उभे राहून हे गृहस्थ क्रिकेटवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. सांगतो.

चेन्नईच्या ज्या चेपॉक भागात कसोटी सामन्यांचे प्रसिद्ध मैदान आहे, त्याच भागात अर्काटचा नवाब महंमद अली वालाजाह याने १७६८ च्या सुमारास आपला राजवाडा बांधला. याच नवाबाचा तंजावरच्या मराठ्यांवर डोळा होता. १७७३ साली इंग्रज कंपनीच्या फौजेच्या जोरावर त्याने तंजावर घेतले, तुळजाजी राजांना कैदेत टाकले. १७७६ मध्ये कंपनीनेच ते राज्य राजांना परत दिले. म्हणजे चेपॉकचा राजवाडा आणि तंजावरचा राजवाडा ही एके काळची दोन वैरी घरे. आज एकात सरकारी कचेऱ्या आहेत, दुसऱ्यात पोथ्या, मूर्ती आणि पर्यटक आहेत. ते वैर कशावरून होते हे शेजारच्या चहावाल्याला विचारले तर त्याला सांगता येणार नाही.

वैराचे असे होते. ते विझते तरी, नाहीतर रूप बदलते. आज ज्या वैराबद्दल बोलायचे आहे ते अजून विझलेले नाही. त्याच चेपॉकवर, जानेवारी १९९९ मध्ये, त्या वैराने चार दिवस जे रूप घेतले त्याची ही गोष्ट आहे. खेळाची आहे, आणि खेळापलीकडचीही आहे.

भाऊबंदकीचे वैर

भाऊबंदकी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. परक्याशी झालेले भांडण मिटते, बांधावरचे मिटत नाही. तंजावरचे मराठी राज्यसुद्धा या अनुभवातून गेले आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर आलेले शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला भेटले. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीचा प्रश्न होता. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात तिथून निघून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वालिकंडपुरमला दोन्हीकडच्या मराठी फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. पुढे तह झाला आणि तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. दोन्हीकडे भोसलेच होते, दोन्हीकडे एकच भाषा होती, आणि म्हणूनच ते भांडण अधिक लागले.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या क्रिकेटची सुरुवात अशीच एका घरातून वेगळ्या झालेल्या माणसांनी केली. पहिली मालिका १९५२ च्या हिवाळ्यात भारतात झाली. फाळणीला पाचच वर्षे झाली होती. पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये भारताकडून खेळला होता. त्याच्या संघातला अमीर इलाही हाही पूर्वी भारताकडून कसोटी खेळलेला. आणि भारताचा कर्णधार लाला अमरनाथ याचे क्रिकेट लाहोरात वाढलेले. दिल्लीची पहिली कसोटी विनू मांकडने १३ बळी घेऊन जिंकून दिली. लखनौला फझल महमूदने १२ बळी घेऊन हिशेब चुकता केला. मुंबईत विजय हजारे यांनी नाबाद १४६ धावा काढल्या आणि भारताने दहा गडी राखून सामना जिंकला. चौथी कसोटी मद्रासला, चेपॉकवरच. तिथे झुल्फिकार अहमद आणि अमीर इलाही या शेवटच्या जोडीने १०४ धावांची भागी केली, आणि मग पावसाने सामना धुऊन नेला. भारताने मालिका २-१ ने जिंकली.

त्यानंतर जे झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १९५४-५५ च्या पाच आणि १९६०-६१ च्या पाच, अशा दहाही कसोटी अनिर्णित राहिल्या. जिंकण्यापेक्षा न हरणे मोठे झाले. दोन्ही कर्णधारांच्या मानेवर देशाचे ओझे होते. पुढे १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली आणि १९६१ ते १९७८ अशी १७ वर्षे दोन्ही देशांत एकही कसोटी झाली नाही. भीती खेळात शिरली की खेळ मरतो, याचे हे पहिले उदाहरण.

नऊ वर्षांची खंडित वाट

१९९९ कडे वळू. त्याआधीची दोन्ही देशांतली शेवटची कसोटी डिसेंबर १९८९ मध्ये सियालकोटला झाली होती. सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचा तो पहिलाच दौरा. मग काश्मीर पेटले. ऑक्टोबर १९९१ मध्ये मुंबईत वानखेडेची खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. एकदिवसीय सामने शारजाला, टोरांटोला, विश्वचषकात होत राहिले. पण पाच दिवस एकमेकांच्या गावात राहून खेळायची कसोटी बंद होती. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. आणि अशा हवेत, जानेवारी १९९९ मध्ये, पाकिस्तानचा संघ दोन कसोटींसाठी भारतात येणार असे ठरले.

विरोध झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रातून झाला. ६ जानेवारीच्या रात्री दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानाची खेळपट्टी उखडण्यात आली. काही दिवसांनी मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कचेरीत मोडतोड झाली आणि १९८३ च्या विश्वविजयाच्या चषकालाही इजा पोहोचली. शिवसेना तेव्हा दिल्लीच्या सत्तेत भागीदार होती, त्यामुळे वाजपेयी सरकारची मोठी पंचाईत झाली. केंद्रातून मध्यस्थी झाल्यावर आंदोलन थांबले. पहिली कसोटी दिल्लीला व्हायची होती. खेळपट्टी नव्याने तयार करायला वेळ हवा म्हणून क्रम उलटा झाला आणि पहिला सामना चेन्नईला आला.

विरोध करणाऱ्यांना एका वाक्यात मोडीत काढायचे, असे मी करणार नाही. मी त्या वर्षी वर्दीत होतो. त्या दशकात काश्मीरमधून तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जात होत्या. सातारा, कोल्हापूर, सांगली, नगर, तिथल्या एसटी स्टँडवर लोकांनी त्या उतरवून घेतल्या आहेत. ज्या आईने ती पेटी उघडलेली पाहिली, तिने विचारले की पोरं तिकडे मरतायत आणि तुम्ही यांच्याशी चेंडूफळी काय खेळता, तर त्या प्रश्नात राजकारण नसते. आमच्या मेसमध्येही यावर दोन तट होते. एक म्हणायचा, खेळूच नये. दुसरा म्हणायचा, खेळावे आणि हरवावे. टाळ्यांचा विचार दोघांच्याही डोक्यात नव्हता.

चार दिवस

सामना २८ जानेवारीला सुरू झाला. भारताचा कर्णधार अझरुद्दीन, प्रशिक्षक बडोद्याचे अंशुमन गायकवाड, ज्यांनी १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध अकरा तासांहून अधिक वेळ उभे राहून २०१ धावा काढल्या होत्या. पाकिस्तानचा कर्णधार वसीम अक्रम, प्रशिक्षक जावेद मियाँदाद. चेन्नईचाच सडगोपन रमेश भारताकडून पहिली कसोटी खेळत होता.

पाकिस्तानने पहिल्या डावात २३८ केल्या. अनिल कुंबळेने ७० धावांत ६ बळी घेतले. मोईन खान आणि युसूफ योहाना यांनी अर्धशतके काढली नसती तर डाव आणखी आधी आटोपला असता. भारताचे उत्तर २५४. द्रविड ५३, गांगुली ५४. तेंडुलकर शून्य. सकलेन मुश्ताकने त्याला बाद केले आणि डावात ५ बळी घेतले. सकलेनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तो ऑफस्पिनर. पण त्याच हाताने, जवळजवळ त्याच हालचालीने, चेंडू उलट्या दिशेला नेण्याची करामत त्याने साधली होती. त्या चेंडूचे नाव ‘दुसरा’ पडले. आपल्या बोलीतला साधा शब्द जगभरच्या क्रिकेटमध्ये गेला तो याच काळात.

दुसऱ्या डावात शाहिद आफ्रिदीने १४१ धावा काढल्या. उतावळा फटकेबाज अशी ज्याची ख्याती, त्याने सलामीला येऊन कसोटीचा डाव उभा केला. पाकिस्तान ४ बाद २७५ वर असताना सामना हातातून गेला असे वाटत होते. तेवढ्यात व्यंकटेश प्रसादने चेंडू हातात घेतला आणि १८ चेंडूंत एकही धाव न देता ५ गडी बाद केले. ४ बाद २७५ वरून सर्वबाद २८६. प्रसादचे ३३ धावांत ६ बळी. भारतासमोर लक्ष्य २७१.

तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. वकार युनूसने रमेश आणि लक्ष्मण यांना झटपट परत पाठवले. २ बाद ६. तेंडुलकर आला. खेळ थांबला तेव्हा धावफलक २ बाद ४०.

३१ जानेवारी, रविवार. वसीमने द्रविडचा त्रिफळा उडवला. अझरुद्दीन सकलेनकडे पायचीत. गांगुलीही सकलेनलाच बळी. ५ बाद ८२. आता १८९ हव्यात, आणि फलंदाज म्हणावा असा शेवटचा माणूस यष्टिरक्षक नयन मोंगिया.

मोंगियाने तेंडुलकरला साथ दिली. दोघांनी १३६ धावा जोडल्या. उकाडा, दमट हवा, समोर वसीम, वकार आणि सकलेन. तेंडुलकरची पाठ धरली. प्रत्येक धावेनंतर तो कमरेवर हात ठेवून वाकत होता. पुढे पुढे तर धावून धावा काढण्यापेक्षा चौकार मारणे त्याला सोपे जात होते. मोंगिया ५२ वर वसीमला उंच मारायला गेला आणि झेल देऊन परतला. ६ बाद २१८. अजून ५३ हव्या होत्या. सुनील जोशी आला. तेंडुलकरने आता जोखीम घ्यायला सुरुवात केली आणि चौकार जाऊ लागले. २५४ झाल्या. १७ धावा बाकी. चार गडी हातात. सकलेनचा ‘दुसरा’ आला. तेंडुलकरने तो मैदानाबाहेर काढायला बॅट फिरवली, चेंडू हवेत उंच गेला आणि वसीम अक्रमने तो झेलला. १३६ धावा, २७३ चेंडू, १८ चौकार, जवळजवळ पावणेसात तास.

उरलेल्या तीन गड्यांना मिळून चार धावा करता आल्या. कुंबळे वसीमकडे पायचीत, जोशी सकलेनच्याच हाती झेल देऊन बाद, श्रीनाथचा त्रिफळा. सर्वबाद २५८. पाकिस्तान १२ धावांनी विजयी. सकलेनचे सामन्यात १० बळी. सामनावीर तेंडुलकर ठरला, पण तो पुरस्कार घ्यायला बाहेर आला नाही.

लष्करी भाषेत सांगायचे तर हा पराभव राखीव तुकडी नसल्याचा पराभव होता. पुढची फळी फुटली, एका ठाण्याने सबंध दिवस किल्ला लढवला, पण ते ठाणे पडल्यावर मागे कोणी उभेच नव्हते. तेंडुलकरने तो फटका मारायला नको होता, असे म्हणणारे आजही भेटतात. पाठ मोडलेल्या माणसाला शेवटच्या चार गड्यांचा भरवसा वाटला नसेल, तर त्या चार गड्यांनी पुढच्या काही मिनिटांत त्याचा अंदाज खरा करून दाखवला. दोष द्यायचाच तर पाच बाद ८२ पर्यंत कोसळलेल्या वरच्या फळीला द्यावा.

टाळ्या

शेवटचा गडी बाद झाला तेव्हा चेपॉकवर काही क्षण सन्नाटा होता. मग एका कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे मैदान उभे राहिले. पाकिस्तानच्या खेळाडूंना आधी कळेना की हे आपल्यासाठी आहे. कळल्यावर वसीम अक्रमने संघाला घेऊन मैदानाला फेरी मारली. महिन्याभरापूर्वी ज्यांच्यासाठी खेळपट्टी उखडली गेली, त्या संघाला भारतीय प्रेक्षक उभे राहून मानवंदना देत होते. त्या संघातले अनेक जण पुढे वर्षानुवर्षे या क्षणाविषयी बोलत राहिले.

हे आकाशातून पडलेले नव्हते. २१ मे १९९७ रोजी याच मैदानावर सईद अन्वरने भारताविरुद्ध १९४ धावा काढल्या. एकदिवसीय क्रिकेटमधली तोवरची ती सर्वांत मोठी खेळी. चेपॉक तेव्हाही त्याच्यासाठी उभे राहिले होते. चेन्नईचा प्रेक्षक क्रिकेटकडे जरा मैफलीसारखा बघतो, असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. डिसेंबरमध्ये तिथे संगीत सभांचा हंगाम असतो, आणि पूर्वी जानेवारीत पोंगलच्या सुमारास कसोटी असायची. जो गायक चांगला गायला त्याला दाद द्यायची, तो कुठल्या घराण्याचा हे नंतर. पहिला रणजी सामना १९३४ मध्ये चेपॉकवर झाला. भारताने आपली पहिली कसोटी १९५२ च्या फेब्रुवारीत इथेच जिंकली, विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली, इंग्लंडविरुद्ध. ज्या मैदानाला खेळाची इतकी सवय आहे, त्याला हरणे म्हणजे काय हेही ठाऊक असते.

पुढचे सहा महिने

गोष्ट इथे संपली असती तर ती गोड झाली असती. इतिहास तसा थांबत नाही.

४ फेब्रुवारीला दिल्लीची कसोटी सुरू झाली. कोटलाची खेळपट्टी डागडुजी केलेली. भारताने ४२० धावांचे लक्ष्य ठेवले. पाकिस्तानची बिनबाद १०१ अशी सुरुवात झाली, आणि मग कुंबळेने दहाच्या दहा गडी घेतले. ७४ धावांत १०. जिम लेकरने १९५६ मध्ये मँचेस्टरला केलेला पराक्रम पुन्हा एकदा घडला. भारत २१२ धावांनी जिंकला. १९८० च्या जानेवारीत चेपॉकवर मिळवलेल्या विजयानंतर पाकिस्तानविरुद्धचा हा पहिला कसोटी विजय. मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली.

लगेच १६ फेब्रुवारीपासून कोलकात्याला आशियाई कसोटी स्पर्धेचा सामना. तिथे धाव घेताना तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळला आणि धावबाद झाला. प्रेक्षक खवळले, बाटल्या, दगड मैदानात आले. शेवटच्या दिवशी पोलिसांनी स्टँड रिकामे केले आणि उरलेला सामना ओसाड मैदानात उरकला. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकला, पाहायला कोणी नव्हते. चेपॉकला तीन आठवडेही झाले नव्हते. देश एकच, प्रतिस्पर्धी तोच, आणि दोन मैदानांवर दोन टोके.

कोलकात्याचा सामना ज्या दिवशी संपला त्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, पंतप्रधान वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. दुसऱ्या दिवशी लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर दिसले. बोलणी चालू असतानाच पलीकडच्या लष्कराने बर्फात ठाणी बळकावली होती. जूनमध्ये तोलोलिंग, जुलैमध्ये टायगर हिल, अशी एकेक टेकडी परत घ्यावी लागली. ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले. ८ जूनला मँचेस्टरला विश्वचषकात दोन्ही संघ पुन्हा भेटले. भारत ४७ धावांनी जिंकला, प्रसादने ५ बळी घेतले. त्या दिवशी इकडे तोफा चालू होत्या.

मग लोक म्हणाले, बघा, तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांनी पाठीत खंजीर खुपसला. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे.

टाळी कोण वाजवतो

तंजावरपासून काही कोसांवर, पट्टुकोट्टईच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावर मनोरा नावाची एक उंच षटकोनी इमारत आहे. तंजावरच्या सरफोजी राजांनी, दुसऱ्या सरफोजींनी, ती १८१४ च्या सुमारास उभारली. कशासाठी, तर इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. तिथे मराठीतही शिलालेख आहे. सरफोजी राजे थोर विद्वान, ग्रंथालयाचे खरे शिल्पकार. पण १७९९ च्या करारानंतर राज्य कंपनीच्या हातात गेलेले, राजांकडे मानपान आणि किल्ला तेवढा उरलेला. ज्याच्या हातून सत्ता गेली त्याने सत्ता घेणाऱ्याच्या विजयासाठी मनोरा बांधला. तीही एक टाळीच. पण ती न वाजवण्याची मोकळीक त्या राजाला कितपत होती, हा प्रश्न उरतोच.

चेपॉकची टाळी त्या जातीची नव्हती. तिथे बसलेल्या माणसांना कोणाची भीती नव्हती. उलट त्यांनी गप्प राहणे किंवा शिट्ट्या घालणे सोपे होते, त्या महिन्यातल्या हवेला ते शोभलेही असते. ज्याला गप्प बसायची पूर्ण मुभा आहे, तो उठून दाद देतो तेव्हा त्या दादेला किंमत येते. हरलेला पण न वाकलेला माणूसच ती देऊ शकतो. ते दुबळेपण म्हणणाऱ्याने दुबळेपण जवळून पाहिलेले नाही.

कारगिलमधलाच एक प्रसंग सांगतो, तो सर्वांना माहीत असायला हवा. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचा कॅप्टन कर्नल शेर खान मारला गेला. ‘कर्नल’ हा त्याचा हुद्दा नव्हे, नाव. आपल्या लोकांना गोळा करून तो पुन्हा पुन्हा प्रतिहल्ले करत होता. त्या विभागातल्या आपल्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा देह खाली आणवला आणि परत पाठवताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. हा अधिकारी शौर्याने लढला, याचा योग्य सन्मान व्हावा, असा तिचा आशय. पाकिस्तान तेव्हा आपले सैन्य तिथे नाहीच असे जगाला सांगत होता. पुढे त्याच शेर खानला पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान, निशान-ए-हैदर, देण्यात आला.

बाजवा साहेबांच्या त्या चिठ्ठीने टायगर हिल परत गेले का? नाही. टेकडी आपण घेतली होती आणि ती आपलीच राहिली. आधी लढाई जिंकली, मग शत्रूच्या शौर्याची नोंद केली. त्यांच्या हाताखालच्या ज्या जवानांनी प्राण दिले, त्यांचा अपमान झाला का? मला तर वाटते त्यांचा मान वाढला, कारण ते भेकडांशी लढले नव्हते, हे त्या चिठ्ठीने लेखी सांगितले.

म्हणून माझे म्हणणे दोन भागांत आहे. खेळायचे की नाही, हा सरकारचा निर्णय. सीमेवरची परिस्थिती, दहशतवाद, सगळे तोलून तो घ्यावा, आणि नको असेल तर नको म्हणावे. त्यात कमीपणा नाही. पण एकदा पाहुणा बोलावला, मैदानात उतरलो, की तिथले वागणे हा आपला निर्णय. पाहुण्याने पुढे दगा दिला तर तो दगा त्याच्या नावावर लिहिला जातो. आपली दाद आपल्या नावावर राहते. चेपॉकच्या टाळ्यांमुळे कारगिल घडले नाही आणि कोलकात्याच्या बाटल्यांमुळे ते टळलेही नाही. घुसखोरीचे बेत करणारे धावफलक बघून बेत करत नव्हते. मग या दोन्हींतून उरते काय? एका मैदानाची आठवण पाकिस्तानच्या खेळाडूंनी कौतुकाने जपली, आणि दुसऱ्याची आठवण आपल्यालाच नकोशी वाटते.

मागे काय राहिले

कारगिलनंतर पाच वर्षे कसोटी बंद राहिली. मार्च २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला. मुलतानला सेहवागने ३०९ धावा काढल्या आणि पाकिस्तानच्या भूमीवर भारताने पहिली कसोटी जिंकली. मालिकाही २-१ अशी जिंकली. त्या दौऱ्यात लाहोर-कराचीच्या प्रेक्षकांनी भारतीय संघाला आणि भारतातून गेलेल्या हजारो लोकांना ज्या अगत्याने वागवले, त्याच्या हकिगती तुम्ही ऐकल्या असतील. त्यात चेपॉकच्या दिवसाची परतफेड किती होती हे मोजता येणार नाही. डिसेंबर २००७ मध्ये बंगळूरला दोन्ही देशांतली शेवटची कसोटी झाली. मग २००८ ची मुंबई घडली. त्यानंतर दोन्ही देश कसोटीत समोरासमोर आलेले नाहीत. आज जे पंचविशीत आहेत, त्यांना भारत-पाकिस्तान कसोटी म्हणजे काय हे आठवतही नाही. त्यांना माहीत आहे ती तीन-चार तासांची, जाहिरातींनी फुगवलेली, हरल्यावर खेळाडूंच्या घरावर दगड पडतील अशी लढत.

त्यांना मी एवढेच सुचवीन की कधीतरी ३१ जानेवारी १९९९ चा तो शेवटचा दिवस शोधून पाहा. एक मराठी मुलगा, तमिळ गर्दीच्या गजरात, पाकिस्तानच्या इतिहासातल्या उत्तम गोलंदाजांपैकी तिघांना पाठदुखीसकट दिवसभर तोंड देतो. हरतो. आणि ज्यांचा जीव त्याच्या बॅटवर टांगलेला होता तीच माणसे डोळे पुसून समोरच्यांसाठी उभी राहतात. बारा धावा कमी पडल्या हे धावफलकावर कायमचे आहे. त्या दिवशी चेपॉकवर कमी पडल्या त्या धावाच.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार. जय हिंद.